एकाच नावाची गाणी

बुसानमध्ये सकाळी खिडकी उघडी ठेवली की मेंग ग्वांग-होचा आवाज घरात येतो. अंडी आली, ताजी अंडी. जुने फ्रिज, जुने पंखे, बिघडलेले संगणक घेतो. टेंपोवाले कर्ण्यावर जी हाक वाजवत गल्लीगल्लीतून फिरतात, ती त्यानं भरून दिलेली असते. त्यावर त्याचं पोट चालतं. उरलेला वेळ तो रॉक गायक आहे. आमच्या बँडचं नाव ‘काळं शेवाळ’. ड्रम मी वाजवते. ड्रमवाल्यांना गायकाची पाठच दिसते. सव्वीस वर्षं मी ती पाठ पाहिली आणि ती मला कधी आवडली नाही.

ती पाठ रुंद होती आणि सतत कुणाला तरी अडवून उभी असल्यासारखी होती. तो वळला की चेहराही तसाच. बोलणं म्हणजे धक्का. विद्यापीठासमोरच्या तळघरांत तेव्हा पंधरा-वीस बँड होते. त्यांतल्या निम्म्यांशी त्याचं भांडण होतं आणि उरलेल्या निम्म्यांशी व्हायचं होतं. तरीही गाण्यात एखादी जागा अडली, आवाज पुरेना, की लोक त्यालाच पाहुणा म्हणून बोलवायचे. शिव्या देत बोलवायचे.

पाहुणा म्हणून जाण्याची त्याची एक रीत होती. गाणं आधी ऐकायचं नाही. स्टुडिओत उभ्या उभ्या एकदा ऐकायचं, एक ओळ बदलायची, गायचं आणि जेवायला न थांबता निघायचं. मासानमध्ये बाजारात आणि लग्नांत गाणाऱ्या एका बाईंच्या गाण्यात तो असाच जाऊन आला. बाई साठीच्या, चाळीस वर्षं गाणाऱ्या. त्यानं नवऱ्याच्या आठवणीतली एक ओळ काढून तिथं नवऱ्याच्या चपलांची ओळ घातली. बाईंनी फोनवर मला तासभर ऐकवलं. पुढं प्रत्येक लग्नात लोक त्या चपलांच्या ओळीलाच त्यांच्याबरोबर गायला लागले, तेव्हा त्यांनी फोन करणं सोडलं.

देगूचा एक तरणा रॅपवाला मात्र ऐकून घेणारा नव्हता. मी तिथं हजर होते.

“ही ओळ माझी नाही,” तो म्हणाला.

“म्हणूनच बरी आहे,” मेंग म्हणाला.

“काका, मी तुम्हाला गायला बोलावलंय.”

“गायला बोलावलंस तर गाण्यासारखं काही ठेवायचं होतं समोर.”

त्या पोरानं माइकची तार उपटली. मेंगनं ती उचलली, नीट गुंडाळली, टेबलावर ठेवली आणि माझ्याकडं पाहून म्हणाला, “चल गं, इथं तार मोठी आणि गाणं छोटं आहे.” महिन्याभरानं गाणं बाहेर आलं तेव्हा ती ओळ त्यात होती.

ती एक-एक ओळ सोडली तर तो फारसं लिहायचा नाही. आमची गाणी ब्योन जे-गिल लिहायचा. जे-गिल गिटार वाजवायचा आणि दिवसा टोलेजंग इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. अंधाऱ्या विहिरीसारख्या त्या पोकळीत दोरखंडाला लटकून तो शब्द जुळवायचा आणि वर आल्यावर तेल लागलेल्या बोटांनी तपासणीच्या कागदामागं लिहून ठेवायचा. त्याच्या शब्दांना वंगणाचा वास असायचा. मेंग ते कागद नाकाला लावून वाचायचा. हे मी खोटं सांगत नाही.

पण आमच्या एकाही गाण्यावर जे-गिलचं नाव नाही. पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा गीतकारांच्या संस्थेत नोंद करायची होती. डुकराच्या हाडांच्या सूपमध्ये कालवलेला भात खात आम्ही बसलो होतो आणि ताटल्यांच्या मधे तो अर्ज होता. मेंग म्हणाला, “बँड म्हणजे एक घर. दारावर पाटी एकच लागते. मोठ्याची.” बारा प्राण्यांच्या आमच्या वर्षचक्रात मेंगचं साल डुकराचं, जे-गिलचं त्यानंतरचं, उंदराचं. एका वर्षाचा फरक. आमच्याकडं एक वर्ष म्हणजे पुष्कळ. जे-गिल म्हणाला, “दादा म्हणतील तसं.” त्यानं दोन्ही हातांनी मेंगचा पेला भरला आणि स्वतःचा पेला तोंडाला लावताना रिवाजाप्रमाणं मान बाजूला फिरवली. मोठ्याच्या तोंडासमोर लहान माणूस पीत नाही. पुढची सव्वीस वर्षं तो मान फिरवून प्यायला. मी तर त्याच्याहूनही चार वर्षांनी लहान, माझं मत कुणी विचारलं नाही.

त्या रेकॉर्डवर ‘तळमजला’ हे गाणं होतं. लिफ्टमधून खाली जाणारा माणूस, प्रत्येक मजल्यावर दार उघडतं, कुणीच आत येत नाही. कडवी जे-गिलची, चालही त्याचीच. ध्रुवपद मात्र मेंगनं तालमीत उभ्या उभ्या घातलं होतं.

नावानं हाक मार,
ओ देणारा दुसरा असला तरी.

जे-गिलला ते तेव्हा पटलं नव्हतं. “लिफ्टशी याचा काय संबंध, दादा?” त्यानं विचारलं होतं. मेंग म्हणाला होता, “तुला संबंध जोडायचा असेल तर दुसऱ्या बँडमध्ये जा.” गाणं त्या ध्रुवपदावरच चाललं. तळघरात घाम गाळणारी दोनशे माणसं एकदम ती हाक मारायची आणि भिंतीवरचं शेवाळ थरथरायचं.

गेल्या वर्षी सोलहून निरोप आला. सनू हे-रिन नावाची गायिका, एकतीस वर्षांची, मोठमोठी सभागृहं भरवणारी. तिला ‘तळमजला’ नव्यानं करायचं होतं. कडवी दोघांनी वाटून घ्यायची आणि ध्रुवपद मेंगनं एकट्यानं गायचं, अशी तिची मागणी होती. गीतकाराची संमती आणि सही हवी, असं तिच्या कचेरीनं लिहिलं होतं.

त्या आधीच्या हिवाळ्यात जे-गिलच्या डाव्या हाताची दोन बोटं लिफ्टच्या दारात चेंगरली होती. बोटं राहिली, पण तारांवर दाबली जात नव्हती. तालमीला तो येऊन बसायचा, गिटार मांडीवर ठेवायचा आणि वाजवायचा नाही. निरोप आला त्या आठवड्यात त्यानं पहिल्यांदा काही मागितलं.

“दादा, एक विनंती होती.”

“बोल.”

“नव्या रेकॉर्डवर दोघांची नावं घालू. कडवी आणि चाल माझी होती. ध्रुवपद तुमचं. दोघांची घालू.”

मेंग माइकचा दांडा पुसत होता. पुसतच राहिला. “सव्वीस वर्षांनी नाव आठवलं?”

“आता वाजवता येत नाही. लिहिलं तेवढंच उरलंय माझ्याकडं.”

“म्हणजे बोटं लिफ्टनं घेतली आणि भरपाई मी द्यायची.”

जे-गिलचा चेहरा काळवंडला. मी म्हटलं, “मेंगदादा, असं काय बोलता?”

“तू ड्रमच्या थाळ्या पूस,” तो मला म्हणाला. मग जे-गिलकडं वळून, “घर एक, पाटी एक. मोठ्याची. तेव्हा मान डोलावली होतीस.”

“डोलावली होती, दादा,” जे-गिल म्हणाला आणि गिटार पिशवीत भरली. तो अजून ‘दादा’ म्हणत होता. ते ऐकताना माझ्या दातांत कळ गेली.

तरीही सप्टेंबरात तो मेंगच्या गावी आला. दर वर्षी सुगीच्या सणाआधी मी आणि जे-गिल मेंगबरोबर त्याच्या बापाच्या थडग्यावरचं गवत कापायला उइर्योंगला जायचो. लहान माणसांनी जायचं असतं. विळा मेंगकडं, यंत्र जे-गिलकडं, कापलेलं ओढून टाकायला मी. टेकडीवर ऊन होतं, गांधीलमाश्या होत्या. मेंगची मावशी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, डोक्यावर टोपली घेऊन चढून आली. उकडलेलं मांस, किमची, तांदळाच्या दारूचा कॅन. तिनं थडग्यावर थोडी दारू शिंपडली, थोडी स्वतः घेतली आणि पाइनच्या सावलीत पाय पसरून बसली.

जे-गिल गवत कापत कापत पाइनच्या मागं गेला. तिथं दगडांचा गुडघाभर ढीग होता, वेलींनी झाकलेला. त्यानं यंत्राचं पातं तिकडं वळवलं.

“ए लिफ्टवाल्या, थांब,” मावशी म्हणाली. “त्या दगडांना लावू नकोस ते.”

“साफ करतो, मावशी. किती वाढलंय बघा.”

“वाढू दे. ग्वांग-हो आहे तिथं.”

मला हसू आलं. ग्वांग-हो दहा पावलांवर वाकून गवत कापत होता. “मावशी, ग्वांग-हो तर तिकडं आहे,” मी म्हटलं.

“तो दुसरा गं. हा पहिला.” तिनं मांसाचा तुकडा किमचीत गुंडाळला. “डुकराच्या सालातला. गोवरानं गेला, वर्षाचासुद्धा नव्हता झाला. तुमचा हा बैलाच्या सालातला. आमच्या मेहुण्यानं गेलेल्याचं नाव कचेरीतून कमी केलंच नाही. दोन वर्षांनी हा आला. कागद तयार होता, नाव तयार होतं, कचेरीत परत कोण जाणार? चिकटवून दिलं याला.”

जे-गिलनं यंत्र बंद केलं. टेकडी एकदम मोठी झाली.

मावशीला थांबवणारं कुणी नव्हतं. “मग कागदावर सात झाले म्हणून शाळेचं बोलावणं आलं. पोरगं पाचाचं. बाकावरून पाय लटकायचे. वर्गात मुतायचा बिचारा. पोरं मारायची, मग हाही मारायला शिकला. घसा इतका मोठा तिथंच झाला याचा, नाहीतर ऐकू कुणाला जाणार?”

डुकरानंतर उंदीर, उंदरानंतर बैल. आमच्याकडं हे शाळेत न गेलेल्यालाही येतं. जे-गिलला मोजायला वेळ लागला नाही. मला दुसरंच काही मोजायला लागलं. नावानं हाक मार, ओ देणारा दुसरा असला तरी. सव्वीस वर्षं मी त्या ओळीखाली ड्रम बडवले होते आणि ती कुणाला उद्देशून आहे हे मला आत्ता कळत होतं. मी जे-गिलकडं पाहिलं. तोही त्या दगडांकडंच पाहत होता. त्यालाही कळलं होतं. यात मला आजही शंका नाही.

मेंग विळा खाली न ठेवता उभा राहिला.

“केव्हापासून माहीत होतं?” जे-गिलनं विचारलं.

“शाळेपासून.”

“म्हणजे मी मोठा.”

“कागदावर नाही.”

“कागदावर तो मोठा आहे,” जे-गिलनं दगडांकडं बोट केलं. त्याचं बोट वाकडं होतं. “तू नाहीस.”

‘तू’ ऐकून मेंगच्या मानेची शीर उडाली. “तोंड सांभाळ.”

“सव्वीस वर्षं सांभाळलं. मान फिरवून प्यायलो तुझ्यासमोर. माझ्या लग्नात तुला वाकून नमस्कार केला. बायकोला करायला लावला.”

“मी सांगितलं होतं वाकायला?”

“नको असंही म्हणाला नाहीस.”

“भांडू नका रे,” मावशी म्हणाली. “बाप झोपलाय तिथं. आणि मांस गार होतंय.”

परतीच्या बसमध्ये तिघं तीन वेगवेगळ्या रांगांत बसलो.

चार दिवसांनी जे-गिलनं आम्हाला दुपारी गार शेवयांच्या दुकानात बोलावलं. तो आधीच येऊन भिंतीकडच्या, मोठ्याच्या जागेवर बसला होता. टेबलावर संस्थेचा अर्ज. गीतकार, संगीतकार या दोन्ही रकान्यांत त्यानं एकच नाव लिहिलं होतं. ब्योन जे-गिल. जुन्या गीतकाराच्या सहीची जागा मोकळी होती.

“तू दोघांचं म्हणाला होतास,” मेंग म्हणाला.

“तेव्हा मी लहान होतो. घर एक, पाटी एक. मोठ्याची. तूच शिकवलंस.”

“आणि ध्रुवपद?”

“कसलं ध्रुवपद?”

मी चमचा खाली ठेवला. “जे-गिलदादा, ध्रुवपद मेंगदादांचं आहे. मी होते तिथं.”

“ह्योन-सुक, तू होतीस तेव्हा माझी कडवीही होती. तेव्हा कुठं गेलं होतं तोंड?”

 उत्तर होतं, पण ते मलाच आवडण्यासारखं नव्हतं. मी शेवयांत व्हिनेगर ओतत राहिले, नको इतकं.

“सही नाही केली तर?” मेंगनं विचारलं.

“नको करूस. विद्यापीठासमोरच्या प्रत्येक तळघरात जातो. जे जे तुझ्यासमोर वाकले त्यांना सांगतो, कुणासमोर वाकलात. त्या मासानच्या बाईंनाही सांगतो. आणि मेलेल्या भावाच्या कागदावर चढून कसा मोठा झालास तेही.”

मला वाटलं, आता टेबल उलटणार. मेंगच्या डोळ्यांत ते येऊन गेलंही. त्यानं आयुष्यात जे काही मिळवलं होतं ते मोठेपणावर. घर नाही, बायको टिकली नाही. वाकणारी माणसं तेवढी होती. पाच वर्षांचं पोर सात वर्षांच्यांत फेकलं गेलं होतं आणि पन्नास वर्षं ते पुन्हा लहान व्हायला तयार नव्हतं. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. जे-गिलचीही आली नाही.

मेंगनं पेन मागितलं. सही केली. ते नाव त्याचं नव्हतंच, त्यामुळं बहुतेक सोपं गेलं असेल. जे-गिलनं एका हातानं, बसल्या बसल्या, त्याच्या पेल्यात सोजू ओतली आणि त्याच्या तोंडाकडं बघत स्वतःचा पेला सरळ रिकामा केला. मेंगनं पेला उचलला. क्षणभर तसाच धरला. मग मान बाजूला फिरवली आणि प्यायला.

ऑक्टोबरात आम्ही सोलला गेलो. दुपारची वेळ, काचेच्या भिंतींचा स्वच्छ स्टुडिओ, बुटांऐवजी सपाता. सनू हे-रिन दारापर्यंत आली आणि जे-गिलसमोर कमरेतून वाकली. “गुरुजी, तुमच्या शब्दांवर मी वाढले,” ती म्हणाली. त्याला काचेमागची मधली खुर्ची दिली. त्या खुर्चीत तो कधी बसला नव्हता. त्यानं दुखरा हात खिशात घातला. मला कोपऱ्यात स्टूल मिळालं.

मेंग आत माइकसमोर उभा राहिला. इथं मात्र मला त्याचा चेहरा दिसत होता. गाणं सुरू झालं. पहिलं अर्धं कडवं तिचं, दुसरं त्याचं. त्यानं एकही ओळ बदलली नाही. जे-गिलचा एकेक शब्द त्यानं असा ठेवला, जसा दुसऱ्याच्या घरातली भांडी परत मांडून ठेवतात. ते इतकं चांगलं होतं की जे-गिल पुढं सरकून बसला.

ध्रुवपद आलं. वाद्यं चढली. मेंगनं तोंड मिटलं.

आठ मात्रा, सोळा मात्रा. तो माइकसमोर हात मागं बांधून उभा, आणि वाद्यं कुणाची तरी वाट पाहत पुढं जात राहिली. मग दुसरं कडवं आलं, तो गायला. पुन्हा ध्रुवपद, पुन्हा मिटलेलं तोंड.

रेकॉर्ड करणाऱ्यानं थांबवलं. “सर, कानात ऐकू येत नाहीये का?”

“येतंय.”

“मग ती जागा?”

“पाहुण्यानं किती जेवायचं ते पाहुणा ठरवतो.”

पुन्हा घेतलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा जे-गिलनं बोलायचं बटण स्वतः दाबलं. “ग्वांग-हो, गा.”

मेंगनं काचेकडं पाहिलं. “कडवी आणखी दहा वेळा गातो, दादा,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं जे-गिलला दादा म्हटलं, आणि शिवीसुद्धा इतकी साफ उच्चारत नाहीत. “ती तुमची आहेत.”

“ध्रुवपद?”

“तेही तुमचंच. कागदावर आहे. तुम्ही या आत, गा.”

हे-रिननं जे-गिलकडं पाहिलं. रेकॉर्ड करणाऱ्यानं पाहिलं. हे का चाललंय ते सांगायचं, तर ती ओळ कुणाची ते सांगावं लागणार होतं. जे-गिलचं बोट बटणावर होतं. लाल दिवा लागलेला होता, म्हणजे आत सगळं ऐकू जात होतं. आत फक्त त्याचा श्वास गेला.

बोट उचललं गेलं.

“राहू द्या,” हे-रिन हळूच म्हणाली. “असंच राहू द्या. तिथं कुणीतरी असायला हवं आणि नाही, हे फार भारी आहे. गुरुजी, चालेल ना?”

“चालेल,” जे-गिल म्हणाला.

मेंग बाहेर आला, स्वतःचे बूट घातले आणि जेवायला न थांबता स्टेशनवर गेला.

गाणं नाताळाच्या आधी आलं. शब्द आणि संगीत, ब्योन जे-गिल. पाहुणा गायक, मेंग ग्वांग-हो. ते आधीच्यापेक्षा दहापट चाललं आणि लोक त्या मोकळ्या जागेबद्दलच बोलायला लागले. सभागृहात हे-रिन तिथं गप्प होते आणि हजारो माणसं तिच्याबरोबर गप्प होतात, असं ऐकलं. आमचा बँड मोडला. मोडला असं कुणी म्हटलं नाही, तालमीला कुणी आलं नाही एवढंच.

जानेवारीत एका दुपारी रेडिओवर जे-गिलची मुलाखत होती. मी कपडे इस्त्री करत होते. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, “गुरुजी, ध्रुवपदाच्या जागी ही शांतता कशी सुचली? जुन्या गाण्यात तर तिथं शब्द होते.”

जे-गिल खिशात हात घालून बसला असेल.

“मी लिहिलं तेव्हा तिथं काहीच नव्हतं,” तो म्हणाला.